‘माझ्या मनात तसं नव्हतं’ हे वाक्य कुठवर चालतं

सोलापूरच्या नवी पेठेत रस्त्याकडेला थांबलेल्या गाडीचं दार धाडकन उघडतं, मागून येणारा दुचाकीवाला त्यावर आपटतो आणि दार उघडणाऱ्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं: "मुद्दाम केलं नाही हो." ते खरंही असतं. आज कुणाचा तरी हात मोडायचाच, असं ठरवून कुणी घरातून निघत नाही. पण जमलेल्या माणसांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, चुकून झालं, सोडून द्या. दुसरा म्हणतो, हात मोडला ना, मग चुकून काय नि मुद्दाम काय.

माणसाच्या वागण्याचं माप काढायला ही दोन मापं पुरत नाहीत. मनात काय होतं, हा एक प्रश्न झाला. काय घडू शकतं हे त्याला ठाऊक होतं का, हा दुसरा. ते घडू नये म्हणून त्यानं काय केलं, हा तिसरा. आणि घडून गेल्यावर काय केलं, हा चौथा. माझं ठाम मत असं की आपली भांडणं पहिल्या प्रश्नावर होतात आणि त्यांची उत्तरं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्यात सापडतात. आपला फौजदारी कायदा नीट वाचला तर तो हेच सांगतो, आणि सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या धर्मपरंपराही याच्या फार लांब नाहीत.

एक वीट, पाच मनं

चाटी गल्लीसारखी दिवसभर गजबजलेली एखादी गल्ली डोळ्यांपुढे आणा. गच्चीवरून एक वीट खाली येते आणि खालून जाणारा माणूस दगावतो. वीट तीच, उंची तीच, गेलेला जीवही तोच. आता फक्त वरच्या माणसाचं मन बदलत जाऊ.

त्यानं नेम धरून, हा मेलाच पाहिजे म्हणून वीट टाकली, तर तो खून. भारतीय न्याय संहितेचं कलम १०१ खुनाची व्याख्या करतं आणि कलम १०३ शिक्षा सांगतं: फाशी किंवा जन्मठेप, आणि दंड.

जीव घ्यायचा नव्हता, पण ज्यानं जीव जाण्याचा संभव आहे अशी इजा करायचीच होती, तर तो सदोष मनुष्यवध, कलम १०५ चा पहिला भाग. जन्मठेप, किंवा किमान ५ आणि कमाल १० वर्षं. इजा करण्याचाही हेतू नव्हता, गच्चीवरचा राडारोडा खाली फेकायचा एवढंच होतं. मात्र खाली माणसांची गर्दी आहे आणि कुणाचा तरी जीव जाऊ शकतो हे कळत होतं. तोही सदोष मनुष्यवधच, पण कलम १०५ चा दुसरा भाग, १० वर्षांपर्यंत. धोका इतका उघडा असेल की कुणीतरी मरणार हे जवळजवळ ठरलेलंच आहे, तर याच कृत्याला खूनही म्हणता येतं.

वीट त्यानं टाकलीच नाही. कठड्याच्या कडेला विटांची चळत रचून ठेवली होती, वाऱ्यानं किंवा मांजरानं एक खाली गेली. हा निष्काळजीपणे घडवलेला मृत्यू, कलम १०६(१), ५ वर्षांपर्यंत आणि दंड. जुन्या दंडसंहितेत हेच कलम ३०४-अ होतं आणि शिक्षा फक्त २ वर्षांपर्यंत होती. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, तेव्हा निष्काळजीपणाचं मोल कायद्यानं अडीचपट केलं, पण त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचार करताना असं घडलं तर मर्यादा २ वर्षांचीच ठेवली आहे.

आणि पाचवं मन. विटा कडेपासून लांब होत्या, वर जाळी बांधलेली होती, खाली माणूस उभा केला होता, तरीही जाळीचा चांगला दोर अनपेक्षितपणे तुटला. कलम १८ म्हणतं, हा गुन्हाच नाही. पण त्याच्या अटी एकदा मोजून पाहा. काम कायदेशीर हवं, ते कायदेशीर रीतीनं आणि कायदेशीर साधनानं केलेलं हवं, गुन्ह्याचा हेतू वा जाणीव नको, आणि योग्य ती काळजी व सावधगिरी घेतलेली हवी. शेवटची अट सुटली की बाकी सगळ्या जुळूनही उपयोग नाही. "अपघात झाला" म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण याच अटीशी अडखळतात.

कुऱ्हाडीची पाचर

याच कलमाला जोडलेलं एक उदाहरण जुन्या संहितेपासून चालत आलं आहे. एक माणूस कुऱ्हाडीनं काम करतोय, पातं दांड्यातून निसटून उडतं आणि शेजारी उभा असलेला माणूस मरतो. त्याच्याकडून काळजीत कसूर झाली नसेल तर तो क्षम्य.

ज्यानं कुऱ्हाड हाताळली आहे त्याला यात पुढचं सगळं दिसतं. दांडा पात्याच्या भोकात नुसता बसवून भागत नाही. वरून पाचर ठोकावी लागते, तेव्हा लाकूड फाकतं आणि पातं घट्ट धरतं. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आटतं, पाचर सैल होते आणि घाव घालताना पातं डगडगायला लागतं. आवाजही बदलतो. मग काम थांबवून पाचर पुन्हा ठोकायची किंवा बदलायची. दांडा पाण्यात भिजवून फुगवायचीही सवय आहे, पण ती मलमपट्टी. वाळला की पुन्हा सैल. त्यामुळे चौकशी करणाऱ्यानं मनाचा ठाव घेत बसण्यापेक्षा पाचर पाहावी. ती होती का, कधी ठोकली होती, पातं डगडगतंय असं आधी कुणी सांगितलं होतं का, आणि तो माणूस घावाच्या टप्प्यात उभा असताना त्याला "बाजूला हो" म्हटलं होतं का.

या प्रश्नांत हेतूचा उल्लेख कुठेच नाही. तरी त्यांच्या उत्तरांवरून दोषी की निर्दोष हे ठरतं.

मन वाचतात कसं

हेतू डोळ्यांनी दिसत नाही. तो खुणांवरून जुळवावा लागतो, आणि न्यायालयं ज्या खुणा पाहतात त्या आपल्यालाही रोजच्या जगण्यात उपयोगी पडतात. हत्यार घरून आणलं होतं की जागेवरचं काहीतरी उचललं? घाव कुठे केला, पायावर की मानेवर? जोर किती होता? एकच घाव की माणूस खाली पडल्यावरही चालूच? भांडण अचानक पेटलं की जुनं वैर होतं? तोंडून काय शब्द निघाले? २००६ मध्ये पुलिचेर्ला नागराजू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अशा खुणांची यादीच दिली आहे. यातली एकटी कुठलीच खूण पुरेशी नसते. एकच घाव होता म्हणून हेतू नव्हता असं होत नाही, आणि पाच घाव होते म्हणून खून असंही आपोआप होत नाही.

याबाबतचा सर्वांत जास्त वापरला जाणारा निकाल १९५८ चा, विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य. लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, नागपूरच्या वकिलीत आणि न्यायालयात घडलेले. पोटात भाल्याचा एकच वार, माणूस दुसऱ्या दिवशी मेला. बचाव असा की मारायचा हेतू नव्हता. बोस यांनी प्रश्नाचे चार तुकडे केले. इजा झाली आहे का? ती कसली आहे? नेमकी तीच इजा करायची होती, की ती चुकून किंवा वेगळं काही करताना झाली? आणि ती इजा निसर्गक्रमानं जीव घ्यायला पुरेशी आहे का? हेतूचा प्रश्न फक्त तिसऱ्या तुकड्यात आहे. चौथ्याचं उत्तर शवविच्छेदन करणारा डॉक्टर देतो. तिथे आरोपीला काय वाटत होतं याला किंमत नाही. म्हणजे "भाला पोटात घालायचा होता, पण तो मरावा असं नव्हतं" हा बचाव टिकत नाही. जे केलं ते करायचं होतं ना, एवढंच विचारलं जातं.

याच्या उलट टोकाला मुंबई उच्च न्यायालयाचा १८७६ चा गोविंदा खटला. नवऱ्यानं बायकोला खाली पाडलं, छातीवर गुडघा ठेवला, तोंडावर बुक्के मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. न्यायमूर्ती मेल्व्हिल यांनी खून न मानता सदोष मनुष्यवध मानला आणि ७ वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. त्यांचा मुद्दा असा की अशा बुक्क्यांनी जीव जाऊ शकतो, पण जाईलच इतकी दाट शक्यता नसते. एका लहान मुलीएवढ्या बायकोचा जीव गेल्यावर हा निकाल वाचताना आत काहीतरी तुटतं. तरीही त्यातली शक्यतेच्या प्रमाणाची कसोटी आजही वापरली जाते, कारण ती परिणामाकडे पाहून हेतू मोठा करत नाही.

आपल्याकडच्या फिर्यादीत एक वाक्य जवळजवळ छापील असतं: "जिवे ठार मारण्याच्या उद्देशाने मारहाण केली." फिर्याद देणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, या वाक्यानं काही सिद्ध होत नाही. उद्देश तुम्ही पाहिलेला नाही, तुम्ही कृती पाहिली आहे. तीच सांगा. काठी होती की लोखंडी गज, गजाची लांबी अंदाजे किती, पहिला वार कुठे बसला, तुम्ही किती अंतरावर होता, दिवा होता का, तो काय ओरडला, कुणी सोडवलं. यातलं महत्त्वाचं काही पहिल्या जबाबात राहिलं आणि न्यायालयात प्रथमच बोललात, तर उलटतपासणीत तीच वगळ म्हणून पुढे येते आणि खरा साक्षीदारही डळमळीत दिसतो. उद्देश शोधायचं काम न्यायाधीशांचं.

उधारी बुडाली म्हणजे फसवणूक का?

हेतू खरंच सगळं ठरवतो अशी एक जागा आहे, आणि सोलापूरच्या बाजारात ती रोज येते. टॉवेलचा कारखानदार व्यापाऱ्याकडून सुताच्या गोण्या उधारीवर उचलतो. मुदत टळते, पैसे येत नाहीत, फोन बंद. व्यापारी थेट पोलीस ठाण्यात जातो: "चारशे वीस लावा." नव्या संहितेत ते कलम ३१८.

फसवणुकीचा गुन्हा होण्यासाठी बुडवायचा हेतू माल उचलतानाच असावा लागतो. नंतर नियत फिरली, किंवा धंदा बसला, तर तो दिवाणी वाद; वसुलीचा दावा करा. सर्वोच्च न्यायालयानं हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात २००० साली हे स्पष्ट केलं आणि त्यानंतर असंख्य गुन्हे याच मुद्द्यावर रद्द झाले आहेत. व्यापाऱ्याला हा अन्याय वाटतो. पण उधारी न फेडणं हाच गुन्हा ठरला तर मंदीत अडकलेला प्रत्येक यंत्रमागधारक तुरुंगात दिसेल.

मग माल उचलताना मनात काय होतं हे कशावरून कळायचं? त्या दिवसाच्या कागदांवरून. सूत आलं त्याच आठवड्यात ते खरेदीपेक्षा कमी भावानं रोखीत विकलं का? पत्ता, जीएसटी क्रमांक खरे होते का? दिलेला धनादेश आधीच बंद केलेल्या खात्यावरचा होता का? त्याच सुमारास दहा व्यापाऱ्यांकडून अशीच मोठी उचल केली का? असं असेल तर हेतू बोलतो. उलट त्यानं दोन हप्ते दिले, माग चालवले, मजुरी दिली, निर्यातीची ऑर्डर रद्द झाल्याचा कागद दाखवला, तर बुडवायची तयारी आधीपासून होती असं म्हणणं अवघड जातं. व्यापाऱ्यानं म्हणून चलन, गाडीची पावती, व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि पहिल्या व्यवहाराच्या वेळी काय सांगितलं गेलं याची नोंद जपून ठेवावी. भांडण झाल्यानंतरचे शंभर शिव्यांचे मेसेज इथे कामाला येत नाहीत.

कशासाठी केलं, हा प्रश्न आणखी वेगळा. आजारी आईच्या औषधासाठी कुणी दुकानातून पाकीट उचललं तर कारण हृदय पिळवटणारं आहे, पण दुसऱ्याचं ते संमतीशिवाय घ्यायचं हे ठरलेलंच होतं. कारण शिक्षा ठरवताना पाहिलं जातं, गुन्हा ठरवताना सहसा नाही.

जपून वागणं

जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या तीन शब्दांत बसवली आहे: "प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा." नुसता जीव घेणं ही हिंसा नव्हे, प्रमादातून, बेसावधपणातून जीव घेणं ही हिंसा. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात आणखी पुढे जातात: जीव मरो वा जगो, बेफिकीर वागणाऱ्याकडून हिंसा नक्की झालीच, आणि जो जपून वागतो त्याला निव्वळ प्राणहानीमुळे कर्माचा बंध लागत नाही. सोलापूरला जैन विद्येची मोठी परंपरा आहे, जीवराज जैन ग्रंथमाला इथलीच, त्यामुळे हे वचन इथल्या अनेक घरांत नवं नाही. मला त्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो जपण्याचा तपशील. ईर्यासमिती म्हणजे चालताना पुढची सुमारे चार हात जमीन पाहत, दिवसाउजेडी, तुडवलेल्या वाटेनं चालणं. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, पुसून ठेवणं ही आणखी एक समिती, म्हणजे जपून वागण्याचा नियम. अंतःकरण शुद्ध ठेवा म्हणून सोडून दिलेलं नाही. किती हात पुढे पाहायचं तेही सांगितलं आहे.

बौद्ध परंपरेत जोर चेतनेवर आहे. "चेतनेलाच मी कर्म म्हणतो" हे बुद्धवचन अंगुत्तर निकायात येतं. मज्झिम निकायातल्या उपालिसुत्तात याच मुद्द्यावर जैन मताशी वाद आहे आणि तिथे बुद्ध विचारतात, थंड पाणीही टाळणारा निर्ग्रंथ (जैन साधू) येताजाता कितीतरी बारीक जीव मारतो, त्याचं काय? जैनांचा अनुयायी उपाली म्हणतो, जे न ठरवता झालं ते फार दोषाचं नाही. बुद्ध म्हणतात, म्हणजे शेवटी मनच आलं ना. हे वर्णन बौद्ध बाजूनं लिहिलेलं आहे, हे लक्षात ठेवून वाचावं. जैनांचं स्वतःचं म्हणणं वरच्या सूत्रात आहे आणि ते देहापुरतं नाही.

मुसलमान घरात लहानपणीच कानावर पडतं की अमल, म्हणजे कृती, नियतीवर, म्हणजे मनातल्या हेतूवर, ठरतो. सहीह बुखारीतली ती पहिलीच हदीस. पण त्याच परंपरेत कुराणाच्या चौथ्या सूऱ्यातली ९२ वी आयत वाचा. चुकून, नियत नसताना एखाद्या मोमिनाचा जीव गेला, तरी मारणाऱ्यावर दोन गोष्टी येतात: एक गुलाम मुक्त करणं, आणि मृताच्या घरच्यांना खूनबहा, म्हणजे जिवाची भरपाई, देणं, त्यांनी माफ केला तर वेगळं. गुलाम मुक्त करणं शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे. नियत स्वच्छ होती हे मान्य करूनही घरच्यांचं देणं उरतंच, आणि स्वतःच्या मनाला वळण लावण्याची जबाबदारीही. "चुकून झालं, सोडून द्या" म्हणणाऱ्यानं ही आयत जरूर पाहावी.

चांगल्या कामातल्या हेतूचा प्रश्न सोलापूरनंच एका मोठ्या गोष्टीत जपला आहे. बाराव्या शतकात सोन्नलगीत, म्हणजे तेव्हाच्या सोलापुरात, सिद्धराम तलाव खोदवून घेत होते. शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात येतं की शिवशरण संत अल्लमप्रभू तिथे आले आणि कामावरच्या माणसांपुढे सिद्धरामांचा उल्लेख खोदकाम करणाऱ्यांपैकीच एक असा तुच्छतेनं केला. माणसं चिडली, त्यांच्यावर दगड भिरकावले. पुढे दोघांत वाद झाला: देवळं बांधून, तळी खोदून माणूस मुक्त होतो का, की ‘मी केलं’ याच्यात आणखी अडकतो?

अल्लमप्रभूंचा प्रश्न खरा आहे, पण तो कुणी कुणाला विचारायचा याचं भान हवं. सिद्धरामांनी स्वतःला तो विचारावा, गुरूनं शिष्याला विचारावा. तलावावर पाणी भरायला येणाऱ्या बाईला त्याच्याशी कर्तव्य नाही. पाणी गोड आहे की नाही एवढंच तिनं पाहावं. शाळेला खोली बांधून देणाऱ्यानं दारावर नाव कोरलं म्हणून आपण नाक मुरडतो आणि खोलीत प्लास्टर पडतंय का हे पाहत नाही, हे मला चुकीचं वाटतं. दुसऱ्याच्या दानाचं काम तपासावं, आणि स्वतःच्या दानाचा हेतू.

परिणाम पाहून मन ठरवण्याची खोड

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९३२ मध्ये मुलांना दोन गोष्टी सांगितल्याचं लिहिलं आहे. एका मुलानं जेवायला येताना दार ढकललं, दारामागे कप ठेवलेले त्याला माहीत नव्हते, १५ फुटले. दुसऱ्यानं आई बाहेर गेल्यावर कपाटातला मुरंबा चोरताना १ फोडला. जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणाली, १५ फोडणारा. वय वाढलं की उत्तर बदलतं. पण मोठ्यांतही ही खोड पूर्ण जात नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ जोशुआ नोब यांनी २००३ मध्ये एका कंपनीप्रमुखाची गोष्ट लोकांना दिली. त्याला सांगितलं जातं, या योजनेनं नफा होईल आणि पर्यावरणाचं नुकसानही. तो म्हणतो, पर्यावरणाची मला पर्वा नाही, नफा हवा. नुकसान होतं. त्यानं ते मुद्दाम केलं का? ८२ टक्के हो म्हणाले. दुसऱ्या गटाला हीच गोष्ट, फक्त नुकसानाऐवजी पर्यावरणाला फायदा. मुद्दाम केलं असं फक्त २३ टक्के म्हणाले. मन तसंच, परिणाम बदलला आणि हेतूचा निवाडा उलटला.

ही खोड सर्वांत महाग पडते ती रुग्णालयात. १० मिलिच्या प्लास्टिकच्या अँप्यूलमध्ये पोटॅशियम क्लोराइडचं १५ टक्के द्रावण येतं. निर्जंतुक पाणीही तशाच १० मिलिच्या अँप्यूलमध्ये येतं. दोन्ही एकाच ट्रेमध्ये असतील, रात्रपाळीला एकाच नर्सकडे खूप रुग्ण असतील आणि इंजेक्शनची पूड विरघळवायला पाण्याऐवजी पोटॅशियम उचललं गेलं, तर ते थेट शिरेत जाऊन हृदय थांबू शकतं. दुर्घटना झाली की "नर्सनं मारलं" असा गलका होतो, नर्स निलंबित होते आणि ट्रे तिथेच राहतो. अशा चौकशीत विचारायचा प्रश्न हा: तेवढंच शिक्षण आणि अनुभव असलेली दुसरी नर्स त्या रात्री त्या जागी असती तर तिच्याकडूनही हे झालं असतं का? उत्तर "सहज झालं असतं" असेल तर दोष ट्रेच्या मांडणीचा. म्हणूनच तीव्र पोटॅशियम वॉर्डात ठेवूच नये, फार्मसीत वेगळं ठेवावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. लेबल वाचायचा नियम होता, वेळही होता, आधी दोनदा बजावलं होतं आणि तरी तिनं न वाचता भरलं, तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली हीच सीमा आखली: साधी चूक फौजदारी गुन्हा नव्हे, हलगर्जीपणा ढोबळ असावा लागतो, आणि गुन्ह्याची कारवाई पुढे नेण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं.

घरी किंवा कामावर कुणाच्या चुकीचा निवाडा करताना मी एकच क्रम सुचवीन. काय बिघडलं ते थोडा वेळ झाकून ठेवा. घटनेच्या आदल्या मिनिटाला त्या माणसाला काय माहीत होतं, ते आधी कागदावर लिहा. मग त्याच्या हातात काय करण्यासारखं होतं ते लिहा. नुकसानीचा आकडा सर्वांत शेवटी. क्रम उलटा केला की आकडा बाकी सगळं गिळतो.

जिथे मन विचारतच नाहीत

दारू पिऊन गाडी चालवणं हा गुन्हा रक्तातल्या प्रमाणावर ठरतो. १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल, की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. "मी शुद्धीत होतो, हळू चालवत होतो" याला अर्थ नाही. धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८ आहे आणि त्याच कायद्याचं कलम १४० सांगतं, देताना तो वटेल असं वाटलं होतं, हा बचाव नाही. रस्ते अपघातात मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये कुणाचा दोष ते सिद्ध न करता मागता येतात. धोकादायक उद्योगातून विषारी वायू गळला तर कितीही काळजी घेतली असली तरी भरपाई टळत नाही, हे एम. सी. मेहता प्रकरणात १९८६ साली ठरलं. कारण साधं आहे. इथे प्रत्येकाचं मन तपासत बसलं तर नुकसान सोसणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही.

नायलॉन मांजाचं उदाहरण मला यात सर्वांत बोलकं वाटतं. पतंग उडवणाऱ्या पोराच्या मनात कुणाचा गळा चिरायचा नसतो. पण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१७ साली देशभर बंदी घातली, दरवर्षी गळे कापल्याच्या बातम्या येतात, पोलीस दुकानांवर छापे घालतात. इतकं झाल्यावर "माहीत नव्हतं" म्हणायला जागा उरत नाही. वीस वर्षांपूर्वी जो बेसावधपणा होता तो आज जाणीव ठरतो, आणि आणून देणाऱ्या बापाची आणि लपवून विकणाऱ्या दुकानदाराची जाणीव पोरापेक्षा मोठी.

घडून गेल्यावर

चौथा प्रश्न राहिला. अपघात झाला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ चालकावर काही गोष्टी टाकतं: जखमीला डॉक्टरकडे पोचवण्याची सर्व वाजवी खटपट करणं, पोलिसांना उशिरात उशिरा २४ तासांत कळवणं, विमा कंपनीला माहिती देणं. जमाव अंगावर आला तर थांबणं शक्य नसतं, हे कायद्यालाही कळतं आणि तशी सूट कलमातच आहे; पण मग थेट पोलीस ठाणं गाठायचं, गाव नव्हे. मुद्दाम केलं नाही म्हणणारा जखमीला टाकून पळाला तर त्याचं पहिलं वाक्य पुढे कुणी धरून चालत नाही. चूक कबूल करतानाही "हेतू नव्हता" इथून सुरुवात करू नये. मागे न पाहता दार उघडलं, आरसा पाहायला हवा होता, दवाखान्याचा खर्च मी देतो, असं बोलावं. जखमीला आधी हे ऐकायचं असतं.

आणि तुम्ही नुसते बघणारे असाल तर कलम १३४-अ तुमच्यासाठी आहे. सद्भावनेनं, आपणहून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जखमीला मदत करणारा, अशी तिथे मदतनिसाची व्याख्या आहे. म्हणजे इथे कायद्यानं हेतूच अट म्हणून लिहिला आहे. अशा माणसावर जखमीच्या इजेबद्दल वा मृत्यूबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, मदत करताना त्याच्याकडून काही कमीजास्त झालं तरीही. उचलून सिव्हिलला न्या, दाखल करा. तुमचं नाव, पत्ता, फोन द्यायचा की नाही, हे तुमच्या मर्जीवर आहे आणि त्यासाठी कुणीही तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही.